सगुणेच्या डाव्या गालावरचं ऊन

आमच्याकडे ऊन उशिरा येतं, पण आलं की अंगावर धावून येतं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना पूर्वेकडे महाबळेश्वरच्या डोंगराची भिंत आहे ना, तिच्यामागे सूर्य बराच वेळ दबा धरून बसलेला असतो. खाली नदीवर धुकं, कोंबडे ओरडून ओरडून दमलेले, कौलांतून चुलींचा धूर वर निघालेला, आणि अंगणात अजून गार सावलीच. मग कड्याच्या एका खाचेतून तो एकदम सुटतो. त्या क्षणी तुम्ही अंगणात उभे असाल तर हात आपोआप डोळ्यांवर जातो, कुणी मारायला हात उगारल्यावर जातो तसा.

परवा कापडे गावाच्या वरच्या त्या वाडीत, सगुणेच्या अंगणात पाऊल टाकलं आणि माझाही हात तसाच वर गेला. किती वर्षांनी गेले होते! फणसाचं झाड नाही आता. गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड आणि तिच्यात मोटारसायकल. पण सारवलेल्या अंगणाचा वास तोच, आणि ऊन तेच, त्याच खाचेतून, त्याच बाजूने.

सगुणेचा नवरा गंगाराम गेला. त्याच्या बाराव्याला मी गेले होते. आधी त्यांच्या मुलाचा, विलासचा, फोन आला होता. तो मुंबईला असतो. म्हणाला, "आत्या, बाबांचा ठेवायला एक पन फोटो नाय. तुमच्या दादांकडं जुनी निगेटिव असंल काय?"

मी म्हटलं, "बाळा, दादाही नाही आणि निगेटिव्हही नाही. सगळं पुराने नेलं."

"मग तो भिंतीवरचाच ऱ्हायला," तो म्हणाला. "पन त्यात आई हाय बाजूला. आनि आईचं तोंड... तुमाला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. तो फोटो काढला तेव्हा चादर माझ्या हातात होती. म्हणून गेले, नाहीतर ह्या गुडघ्यांनी तो चढ कोण चढतंय!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. महाडच्या बाजारपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर आणि काचेचं शोकेस, मध्ये रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि राजहंस, आणि मागे काळोखी खोली. तिच्यातून हायपोचा, फोटो धुवायच्या औषधाचा, आंबूस वास चोवीस तास बाहेर यायचा. माझ्या वेणीला तो वास, माझ्या डब्यातल्या भाकरीला तो वास. शाळेत मुली नाक मुरडायच्या. आज तो वास कुठे मिळेल तर मी डोळे मिटून उभी राहीन, पण आता कुठला मिळायला!

वरच्या वाड्यांतली माणसं त्या कारंज्यापुढे बसायला खाली यायची नाहीत. म्हणून शिमग्यात दादा वर जायचा. शिमग्याला मुंबईकर गावी आलेले असत, घरं भरलेली असत, आणि फोटो काढायचा तर तेव्हाच. मी शाळा सोडून घरी बसले होते. आई म्हणायची, "घेऊन जा रे हिला, नाहीतर दिवसभर माझं डोकं खाते." अशी मी दादाची चादरवाली झाले.

शिमगा म्हणजे काय असतो ते ज्यांनी आमच्याकडचा पाहिला त्यांनाच कळेल. रंग उडवायचा लाडिक खेळ तो नव्हे. होळीसाठी सावरीचं झाड तोडायचे, तेव्हा कुऱ्हाडीच्या घावाबरोबर अख्खा गाव बोंब मारायचा. झाड पडताना असं किंचाळायचं की मी कानांत बोटं घालायचे. पालखी नाचवताना माणसं एकमेकांना धडका देत, खांदे सोलून निघत, आणि त्या सोललेल्या खांद्यांवर पुन्हा दांडा घेत. ढोलाचा आवाज पोटात बसायचा. आणि त्याच दिवसांत डोंगरावर राब भाजायची तयारी. ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडतोडून शेतात पसरायच्या आणि पेटवायच्या, पुढे त्या राखेत भाताचं रोप टाकायला. सगळे उतार हात तोडलेल्या माणसांसारख्या झाडांनी भरलेले. नुसती धडं उभी. आणि धूर. दादाला तो धूर आवडायचा. म्हणायचा, "धूर असला की ऊन जरा माणसात येतं."

उन्हाशी त्याची कायमची मारामारी होती. डोक्यावरचं ऊन माणसाला मारतं, असं तो म्हणायचा. भर दुपारी काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी खाचा येतात, नाकाखाली काळं, हनुवटीखाली काळं, हसणारा माणूस मढ्यासारखा दिसतो. झाडाखाली न्यावं तर पानांतून कवडसे पडतात आणि तोंडावर देवीचे व्रण उठल्यासारखे डाग. म्हणून सकाळचं, कड्यावरून नुकतं उतरलेलं, एका बाजूने येणारं ऊन धरायचं. शेणाने सारवलेल्या भिंतीपुढे माणूस उभा करायचा, कारण ती भिंत उजेड पिऊन टाकते आणि चेहरा पुढे येतो. एका गालावर ऊन. दुसऱ्या गालावर सावली. आणि त्या सावलीत थोडासा उजेड परत फेकायला मी.

माझी चादर म्हणजे साधी पांढरी चादर, दोन बांबूंना बांधलेली, तांदळाच्या पेजेची खळ देऊन ताठ केलेली. ऊन तिच्यावर आदळायचं आणि समोरच्याच्या तोंडावर जायचं. वर धरली की सावलीतला गाल उजळायचा, खाली घेतली की काळोख. दादा कॅमेऱ्यावर ओणवा होऊन वरच्या काचेत बघायचा आणि मला हुकूम सोडायचा. "वर... थोडी खाली... आता हलू नको, मेलीस तरी हलू नको." वारा सुटला की चादर मला फरफटत न्यायची. हातांना घट्टे पडले होते. आईला वाटे, हिचं लग्न कसं व्हायचं.

आता एक गोष्ट सांगते. दादाने काढलेल्या जोडप्यांच्या फोटोंत बायका नेहमी उजवा गाल पुढे करून उभ्या असायच्या. पाचाडपासून उमरठपर्यंत, जिथे जिथे भिंतीवर आमच्या स्टुडिओचा फोटो, तिथे तिथे बाई नवऱ्याच्या उजव्या हाताला, मान त्याच्याकडे झुकवलेली, उजवा गाल उन्हात, डावा त्याच्या बाजूला सावलीत. म्हाताऱ्या भांडायच्या, "अरे, बायको डाव्या अंगाला पायजे ना रे!" दादा शांतपणे सांगायचा, "आजी, कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं होतं." कॅमेऱ्याच्या काचेत होतंच तसं. फोटोत होत नाही. पण म्हाताऱ्यांना काय माहीत! आणि मलाही वाटायचं की दादाला ती बाजू सुंदर वाटते, ही त्याची स्टाइल आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाची चापट बायकोच्या कुठल्या गालावर बसते, याचा विचार मी कशाला केला असता? मी आपली चादर वर, चादर खाली.

सगुणेच्या अंगणात ते कळलं.

त्या सकाळी आम्ही तिच्या अंगणात सामान सोडत होतो. वाडीतली सगळी त्याच अंगणात यायची, कारण भिंत मोठी आणि ऊन पहिलं तिथे उतरायचं. गंगाराम तेव्हा मुंबईत गोदीत होता. धिप्पाड गडी. टेरिलीनचा शर्ट, काळा चष्मा, मनगटावर घड्याळ, तोंडात निम्मं हिंदी. दादाला म्हणाला, "क्या फोटोग्राफर, आपला एकदम फस्क्लास पायजे हां! हिरो माफिक." आणि आत गेला.

आतून आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मग धुण्याच्या दगडावर ओला कपडा आपटावा तसा आवाज, पुन्हा, पुन्हा. मधे कुणी ओरडलं नाही. तेच भयंकर होतं. अंगणातल्या बायका बोलत होत्या त्या बोलतच राहिल्या, फक्त जरा मोठ्याने. कुणाच्या म्हशीचं दूध आटलं होतं, त्याबद्दल. दादा कॅमेऱ्याचं भिंग फडक्याने पुसत होता, पुसतच होता. सासू चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "घ्या, गूळ जास्त पडलाय." तो चहा मी प्यायले. त्याचा गोडवा अजून घशाशी येतो.

आधी इतरांचे फोटो झाले. पोरं, म्हातारे, भांग पाडून बसलेले जावई. सगुणा दारातल्या काळोखात उभी राहून सगळं बघत होती. माझी चादर वर गेली की कुणाचं काय दिसतं, खाली आली की काय बुडतं, ते तिने बघून ठेवलं होतं. मला वाटत होतं, बिचारी लाजतेय.

मग गंगारामने हाक मारली आणि ती डोकीवरून पदर घेऊन आली. अंजिरी साडी, नवीकोरी, घडीच्या रेघा तशाच. पदर सारखा करायचं काम माझं. मी जवळ गेले, पदर जरा मागे सारला आणि माझा हात तिथेच राहिला. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. डोळ्याखाली जांभळं. बोटांचे वळ मोजता आले असते. अंगातून तापासारखी वाफ येत होती.

तिने ओठ न हलवता म्हटलं, "बाय, चादर तू धरतंस ना?"

मी मान हलवली.

"माज्या वक्ताला खाली नको घेऊस. फोटोची कापी माज्या म्हायेरी जायाची हाय, उमरठला. भावांस्नी बघू दे."

मी म्हटलं, "सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगून दमले. म्हनतात, पडली असशील."

माहेरी कापी धाडायची रीत होती तेव्हा. लग्नानंतरचा पहिला जोडीचा फोटो मुलीच्या माहेरी जायचा, लेक सुखात आहे हे दिसावं म्हणून. आणि ती कापी गंगारामने स्वतः सांगितली होती, तोऱ्यात. "साल्यास्नी बघू दे, कशी ठेवलीय."

दादाने जोडी उभी केली. नेहमीसारखी. ती त्याच्या उजव्या हाताला. ऊन तिच्या उजव्या गालावर. दादाने तिचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "चादर खाली." त्या आवाजात नवल नव्हतं, हे मला लागलं. किती बायकांच्या वेळी त्याने ते तसंच म्हटलं असेल आणि मी खाली घेतली असेल! त्याला वाटायचं, आपण बाईची लाज झाकतो. मनाने वाईट नव्हता हो माझा भाऊ.

"बाई, मान जरा नवऱ्याकडे," तो म्हणाला.

सगुणेने मान सरळ केली. अगदी सरळ, कॅमेऱ्यात.

"नवऱ्याकडे बघा जरा."

तिने नाही बघितलं. आणि मी चादर वर घेतली. पार डोक्याच्या वर. ऊन त्या ताठ कापडावर आदळलं आणि तिच्या डाव्या गालावर जाऊन पडलं. सूज, वळ, डोळ्यातली फुटलेली लाल शीर, सगळं. तिने पापणीसुद्धा लववली नाही. गंगाराम शेजारी श्वास रोखून, छाती काढून, काळ्या चष्म्यातून समोर बघत उभा. फोटो काढताना हलायचं नाही, वळायचं नाही, एवढं त्याला माहीत होतं. म्हशीवर बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. दादा काचेवर ओणवा होता. त्याची फक्त मान दिसत होती मला. ती मान लाल होत गेली. वारा सुटला असता तर सगळं संपलं असतं. वारा सुटला नाही. आणि दादाने बटण दाबलं.

परतताना एसटीत तो दोन बाकं पुढे जाऊन बसला.

काळोख्या खोलीत लाल दिव्याखाली कागद औषधात सोडला की काय होतं, ठाऊक आहे? चेहरा एकदम येत नाही. जे सगळ्यात काळं ते आधी येतं. कोऱ्या कागदावर आधी गंगारामचा चष्मा आला. मग केस. आणि मग, तिचं नाक, ओठ, कपाळ काहीच नसताना, नुसता तो वळ आला. पाण्याखाली बोटं उमटल्यासारखा. चेहरा त्याच्याभोवती मागाहून जमला.

दादाने निगेटिव्ह काढली, खिडकीच्या काचेवर धरली आणि पेन्सिल घेतली. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून तो व्रण पुसायचा, सुरकुत्या पुसायचा, तिरळा डोळा सरळ करायचा. लग्नाच्या मुली त्याच्याकडे यायच्या त्या एवढ्यासाठीच.

मी म्हटलं, "दादा, पुसू नकोस."

"आपण फोटो काढतो. पंचायत भरवत नाही."

"तिने मागितलाय उजेड."

"आणि उद्या तिला मारून टाकली म्हणजे?" तो ओरडला. "तू जाणार आहेस चादर घेऊन?"

मी आपली तिथे उभी राहिले, ओल्या हातांनी. तो किती वेळ पेन्सिल धरून बसला. मग उठला आणि म्हणाला, "टोक मोडलं." डबाभर पेन्सिली समोर होत्या. आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

उमरठची कापी तो स्वतः देऊन आला.

गंगाराम त्याची कापी घ्यायला आला तेव्हा मी काउंटरवर होते. पाकीट उघडून बघितलं, आधी स्वतःकडे बघून हसला, मग हसू गेलं. स्टूल उचललं आणि शोकेसवर घातलं. काच अशी फुटली की समोरचा कासार धावत आला. आतल्या नवऱ्या, बारशाची बाळं, सगळी रस्त्यावर. दादा मध्ये पडला तर त्याच्या भुवईवर गंगारामचा घड्याळ घातलेला हात बसला आणि रक्ताने त्याचा डोळा भरला. गंगाराम म्हणत होता, "मेरा इज्जत निकाला! मेरा इज्जत!" लोकांनी त्याला ओढून नेलं. दादा गल्लीत खाली बसला. मी फडकं दाबून धरलं तर माझा हात बाजूला करून म्हणाला, "आधी माझा फोटो काढ." परसात भर उन्हात उभा राहिला, मान न वळवता, आणि मी ओणवी होऊन त्याला काचेत बघितलं. रक्त ओठापर्यंत आलं होतं. म्हणाला, "काय गं, कसा दिसतो? येतो का नीट?" आणि हसायला लागला. मी रडत रडत बटण दाबलं. तो फोटोही पुराने नेला.

सगुणेचे भाऊ तिच्या अंगणात आले, ते कंबरेला कोयते लावून आले. मी नव्हते तिथे. त्याच म्हशीवाल्या बायकांनी पुढे मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मला भीती वाटली. गंगारामला शर्टाच्या कॉलरीने घरातून ओढला. फणसाखाली लाकडं फोडायचा ओंडका होता, त्यावर त्याचा उजवा हात दाबून धरला. थोरल्या भावाने कोयता उगारला. तो माणूस लहान पोरासारखा ओरडत होता म्हणे. सासू पाया पडत होती. आणि सगुणा ओसरीवर उभी होती. तिने मुळीच घाई केली नाही.

मग म्हणाली, "हात ऱ्हाऊ दे. खिळा आना."

तिने त्याच हाताने त्याला खिळा ठोकायला लावला. तो जेवायला बसायचा त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. त्यावर तो फोटो, भावांनी उमरठहून आणलेली कापी.

आणि तो राहिला तिथे. दर शिमग्याला, दर गणपतीला गंगाराम घरी आला की त्याच्यासमोर भात वाढला जायचा आणि भातापलीकडे तिचं ते तोंड. पाहुणे यायचे, जावा-नणंदा यायच्या, पोरांचे मास्तर यायचे. सगळे बघायचे, आणि मग त्याच्याकडे बघायचे. त्याचा हात पुन्हा उठला नाही असं नाही. पण तो फोटोवर जायचा. अधूनमधून सगुणा एसटीने महाडला यायची, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फुटकी फ्रेम घेऊन.

दादा विचारायचा, "परत?"

"परत. काचेवरच मारलान."

"बरं. तुला?"

"मला नाय."

दादा त्या मापाची काच कापून तयारच ठेवायचा. भिंतीला टेकवलेली असायची. गिऱ्हाइकांना वाटे, कुणाची तरी ऑर्डर आहे. ती बसून चहा घ्यायची, पोरांचं सांगायची, पावसाचं सांगायची. विलासला मोठ्या तापात गंगारामने खांद्यावर टाकून धो धो पावसात कापड्यापर्यंत धावत कसं नेलं, तेही तिनेच सांगितलं, तिथेच, मांडीवर ती फुटकी फ्रेम घेऊन. काचा तिच्या लुगड्यातून माझ्या फरशीवर सांडत होत्या. पुढे पुढे तिचं येणं विरळ झालं. मग बंद झालं. ती कापून ठेवलेली काच बरीच वर्षं तशीच धूळ खात होती.

मग एका वर्षी सावित्री नदी आली. महाडकरांना सांगायला नको, ती कशी येते. आधी गटारांतून वर येते, गुपचूप. मग रस्त्याने पळत येते. मग दरवाजे फोडते. आम्ही माडीवर चढलो आणि खालून नुसते आवाज ऐकले. कपाटं एकमेकांवर आपटत होती, काहीतरी कण्हत होतं, ते लाकडी काउंटर होतं. पाणी उतरल्यावर दादाने कमरेएवढ्या चिखलात हात घालून निगेटिव्ह वेचल्या. हातात धरल्या की चेहरे सुटून बोटांवर यायचे, सायीसारखे. सगळ्या तालुक्याचे चेहरे. त्यानंतर दादा फार राहिला नाही.

म्हणून म्हटलं, त्या भिंतीवरचा तो एकच.

परवा सगुणा मला दारातच भेटली. वाकली आहे, पण डोळे तेच. माझा हात धरला आणि सोडलाच नाही. आत भावकी बसलेली, भटजी आटपून खाली उतरलेले, पाटावर नैवेद्याचं पान, समई, झेंडूचा हार पानावर काढून ठेवलेला. विलासने कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम आणली आणि पाटावर उभी केली. मुंबईहून करून आणली होती. त्याने मोबाइलवर त्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला, बाप तेवढा कापून घेतला, आणि स्टुडिओवाल्याने त्याला निळा कोट, लाल टाय घालून मागे ढग लावले होते. चष्मा काढून डोळेसुद्धा दिले होते, कुणाचे कोण जाणे.

सगुणा वाकून बघत राहिली. "ह्यो कोन सायेब आनलास?"

कोपऱ्यातल्या बायका पदरात हसल्या.

"आई, बाबा हायत."

"तुज्या बापानं जल्मात कोट घातला नाय. गोदीत गोनी उचलल्यान. मी ह्याला हार घालायची नाय, ना वळख ना पाळख." आणि भिंतीकडे बोट केलं. "तो काढ."

भावकीतला एक म्हातारा खाकरला. "अगो, त्यात तू हायस. जित्या बाईच्या फोटोला हार घालतात काय? अपशकुन हाय."

"मला कुटं घाला म्हनते? ज्याचा त्याला घाला."

"मग तुज्या बाजूला कागद लावू," दुसरा कुणी म्हणाला.

"का? मी काय चोरी केली?"

विलासचा चेहरा पडला. पोर चांगलं आहे हो. आईचं ते तोंड बघत बघत जेवत मोठं झालेलं पोर. त्याचा आवाज फाटला. "आई, पावनं आल्यात सगळी. माज्या हापिसातली लोकं येनार हायत दुपारी. काय म्हनतील? गेले ना आता बाबा. आता तरी ऱ्हाऊ दे."

"गेला, तो ह्योच गेला," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "त्याच हातानं मला मारलान आनि त्याच हातानं तुला खांद्याव घेऊन पावसात पळालान. एकच होता तो. तू मला एक चांगला आनि एक वाईट अशी दोन मानसं कापून नको देऊस. मी कुनासाठी रडू मग?"

सगुणा माझ्याकडे वळली. "बाय, तू सांग. चादर तू धरलीवतीस."

सगळ्या माना माझ्याकडे. मला दादाची आठवण आली, त्याची ती लाल होत गेलेली मान. मी म्हटलं, "विलास, काच पुसून घे बाबा. धूर बसलाय तिच्यावर."

तो बराच वेळ उठला नाही. मग उठला. स्टुलावर चढून फोटो उतरवला, ओल्या फडक्याने पुसला. कोटवाल्याला भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि हा पाटावर ठेवला. दारातून ऊन आत आलेलं होतं. एवढ्या वर्षांत कागद पिवळा पडला, गंगारामचा शर्ट फिकटला, मागची भिंत पार पुसट झाली. तो गाल मात्र तसाच. लग्न झालेल्या नातींनी पुढे सरकून बघितला. म्हातारा दुसरीकडे बघत बसला.

हार सगुणेने स्वतः उचलला. गंगारामच्या बाजूच्या कोपऱ्यावर अडकवला, तर तो लांब होता, घसरून मध्ये आला आणि झेंडूची फुलं तिच्या डाव्या गालावर आली. तिने ती बोटाने बाजूला केली. पुन्हा घसरली. मग तिने हार काढला, त्याला एक गाठ मारून आखूड केला, पुन्हा घातला, आणि मागे सरकून, मान तिरकी करून बघितलं. नीट होता.

मग ती खाली बसली, कपाळावर हात मारून घेतला, आणि गंगारामसाठी मोठ्याने रडली.